सरस गेला, खुंटी राहिली

जुन्या सुतारकामात गोंदाला फारसा मान नव्हता. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी. यातल्या कशालाच गोंद चालत नसे. चिखलापाण्यात तो टिकणार किती? बाभळीचं लाकूड, घट्ट बसणारी कूस आणि वरून पाचर, एवढ्यावर काम भागायचं. गाडीच्या चाकावर लोहार तापवून लाल केलेली धाव चढवायचा. पाणी ओतलं की ती आवळायची आणि आरे जागच्या जागी दाबले जायचे. आमचे आबा म्हणायचे, "सांधा खोटा असला की माणूस गोंद शोधतो."

गोंद लागायचा तो घरातल्या कामाला. पाट, पेटीचं झाकण, दाराची रुंद फळी. एवढी रुंद फळी एका ओंडक्यातून निघत नाही, मग दोन-तीन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या. त्यासाठी सरस. जनावराच्या कातड्याचा, हाडांचा हा गोंद फार जुना. प्राचीन इजिप्तचे सुतारही तसलाच गोंद वापरत. आबा तो रात्री भिजत घालत. सकाळी पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर पातळ करत. थेट विस्तवावर ठेवला तर करपतो न् ताकद जाते. वास असा सुटे की आई म्हणायची, "अवो, ते आधी भाईर न्या!"

पण सरसाचा एक गुण होता. रंधलेल्या कडेला गरम सरस लावायचा, फळी फळीवर मागं-पुढं घासायची. तिसऱ्या-चौथ्या घासणीला हात जड लागे, मग फळी हलेचना. गार होता होता सरस लाकडाला धरून ठेवी.

१९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आलं, आणि पुढं पांढरा गोंद गावोगाव पोचला. भिजवायचा नाही, तापवायचा नाही, वास नाही. आबांनी मात्र बरीच वर्षं त्याला हात लावला नाही. हात लावायला लावलं ते १९७२ च्या दुष्काळानं.

खळ्यावर धान्यच नाही, तर बलुतं कुठलं? औतं धूळ खात पडली, ती दुरुस्तीला आणणार कोण? गावातली माणसं खडी फोडायला गेली. आबांना तालुक्याच्या गावी एका ठेकेदाराकडं टेबलाच्या फळ्या जोडायचं काम मिळालं. पैसे नगावर, आणि वाकडा नग परत.

पहिल्याच फळ्या दगा देऊन गेल्या. आबांनी गोंद लावला, दोन्ही अंगांना पट्ट्या ठोकल्या, पाचरी मारल्या. सकाळी बघतात तर मधली फळी दोन सूत वर आलेली. तेवढं रंधून काढावं तर सबंध फळी पातळ होते. दोन नग परत आले. घरी पाच तोंडं होती.

गोंदात दोष नव्हता. वाळल्यावर तो पक्का धरतो, पण ओला असताना तेलासारखा निसटता असतो. पाचरीचा घाव जरा तिरका बसला की फळी त्याच्यावरून घसरते. शेजारचे कारागीर एका कडेत बारीक चुका मारत, पक्कडीनं त्यांची डोकी छाटत आणि उरलेली टोकं दुसऱ्या फळीत रुतवत. फळी सरकत नसे, पण पुढं कधी तिथं करवत चालवली की दात गेलेच.

आबांना देव्हारा आठवला. सरस कातड्याचा, म्हणून आमच्याकडं देव्हाऱ्याला तो लावत नसत. फळ्या नुसत्या बांबूच्या खुंट्यांवर जोडत. तीच खुंटी त्यांनी इथं आणली. दोन्ही फळ्या जुळवून गुण्यानं एकदम खुणा, मग सामत्यानं भोकं. चुलीवर धुरात वाळवलेल्या बांबूची खुंटी दोन भोकांच्या खोलीपेक्षा किंचित आखूड, नाहीतर सांधा मिटत नाही. गोंद लावला की फळ्या जुळवून चिलीम भरून होईपर्यंत थांबायचं. मग पाचरी हळूहळू, आलटून-पालटून ठोकायच्या. एका बाजूला दोन घाव, मग दुसऱ्या बाजूला दोन.

त्यानंतर एकही नग परत आला नाही. त्या साली आमच्या घरात मिलोची का होईना, भाकरी रोज भाजली गेली.

पाऊस आला, पण बलुतं पहिल्यासारखं काही परत आलं नाही. गाड्यांना पुढं रबरी टायर आले, नांगर लोखंडी झाले. बलुतेदारी कायद्यानं मोडली की यंत्रानं, यावर शिकलेली माणसं वाद घालतात. आमच्या घरात ती मोडली त्या रिकाम्या खळ्यावर. सरस, बलुतं, गाडीचं चाक, सगळं गेलं. पण हातातली जी विद्या नव्या कामाला लावता आली, तिनं घर धरून ठेवलं. माझा पुतण्या आज पुण्यात फर्निचर करतो. त्याच्याकडं लोखंडी शिकंजे आहेत, विजेचं ड्रिल आहे. तरी रुंद फळी जोडताना तो आधी खुंट्या बसवतो, आणि गोंद लावला की थोडा वेळ हात आवरून उभा राहतो.