शोकसमुपदेशन

आप्ताच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्यांना दुःख पेलण्यासाठी दिलेला मानसिक आधार. सुतक, दहावा-तेरावा, चूल पेटत नाही म्हणून शेजारून येणारा पिठलं-भाताचा डबा ही त्याची जुनी रूपे. मग वेगळे समुपदेशन कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो बराचसा खराही आहे, कारण बहुतेक माणसे घरच्यांच्या आधाराने सावरतात. पण आधार देणारेच गेले तर? पनवेलजवळ, खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा ५७ जण बेपत्ताच होते. भावकी आणि शेजार एकाच ढिगाऱ्याखाली गेला. अंत्यदर्शनच न झाल्याने मन आशा सोडत नाही. अशा शोकाला अमेरिकी अभ्यासक पॉलिन बॉस यांनी संदिग्ध वियोग म्हटले आहे. तिथे ‘आता विसरा’ म्हणणे क्रूरपणाचेच. गेलेल्याचे नाव घेऊ द्यावे, रडू द्यावे, ‘मी का वाचलो’ हा सल मुकाट ऐकावा. तेराव्यानंतर माणसे पांगतात, पण शोक तिथे संपतोच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार सहा महिन्यांहून लांबलेला, जगणे ठप्प करणारा शोक हा विकार असून त्याला उपचार लागतात. शासनाची मोफत टेलिमानस ही दूरध्वनी-समुपदेशन सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.