शिबिरानंतरचा शिक्षक : विज्ञानशिक्षणातील पाठपुराव्याचा इतिहास

विज्ञानशिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आपल्याकडील इतिहास बहुधा शिबिरांच्या संख्येवरून सांगितला जातो. शिबिर आटोपून शिक्षक शाळेत परतल्यावर पुढे काय होते, हा प्रश्न मात्र त्या इतिहासाच्या कडेलाच राहिला आहे. त्याचे स्वरूप एका साध्या प्रयोगावरून ध्यानी येईल. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर वसले आहे. साहजिकच येथे पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. पुस्तकातील आकडा वर्गात मिळेना, की शिक्षक तापमापकास दोष देतो अथवा प्रयोगच वगळतो. ही शंका शिबिरात क्वचितच उद्भवते. वर्गात उद्भवते तेव्हा विचारावे कोणास?

या अडचणीची जाणीव नव्हती असे नाही. १९५५ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय माध्यमिक शिक्षण परिषदेने निवडक अध्यापक महाविद्यालयांत विस्तार सेवा विभाग उघडविले. शिक्षकाचा महाविद्यालयाशी संबंध पदवीबरोबर संपू नये, ही त्यामागील कल्पना होती. १९६३ पासून विज्ञानशिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरू लागले. विषयज्ञानाच्या दृष्टीने ते मोलाचे होते यात शंका नाही. परंतु सुटी संपली की विद्यापीठ आणि खेड्यातील शाळा यांमधील अंतर पूर्ववत होई. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शाळासंकुलांची शिफारस केली, ती शाळांचे हे एकाकीपण मोडण्याकरिताच होय.

या विचाराचा सर्वांत चिकाटीचा प्रयोग मात्र शेजारच्या मध्य प्रदेशात झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम आरंभिला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सहावी ते आठवीच्या सर्व शासकीय शाळांत पोहोचला आणि १९८२ नंतर एकलव्य संस्थेने त्याची धुरा वाहिली. तेथे प्रशिक्षणाइतकेच महत्त्व मासिक सभेस व वर्गभेटीस होते. फसलेले प्रयोग आणि मुलांचे अडचणीचे प्रश्न सभेत मांडले जात. शिक्षकांच्या अनुभवांवरून ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तकेही सुधारण्यात आली. पाठपुरावा म्हणजे तपासणी नव्हे, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसावे. २००२ मध्ये शासनाने कार्यक्रम बंद केला, तेव्हा तो १५ जिल्ह्यांतील सुमारे हजार शाळांत चालू होता.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये केंद्रप्रमुखाचे पद निर्माण केले. जवळपासच्या शाळांचे एक केंद्र आणि तेथे भरणारी शिक्षण परिषद, ही रचना कागदोपत्री होशंगाबादहून फारशी वेगळी नाही. परंतु केंद्रप्रमुख सर्वच विषयांचा, आणि माहिती व तक्ते गोळा करण्याचे ओझेही त्याच्याच माथी. मग ९८ अंशांचा उलगडा त्याने केव्हा करावा? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळासंकुलांचा पुन्हा पुरस्कार केला, तसेच शिक्षकाने वर्षास किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षाही व्यक्त केली. तासांची मोजदाद सोपी असते. मराठवाड्यातील केंद्रांची परिषद-इतिवृत्ते एखाद्या संशोधकाने तपासावयास घेतली, तर उपस्थितीच्या नोंदीखेरीज शिक्षकाने विचारलेली प्रयोगविषयक शंका त्यांत किती ठिकाणी आढळते, हे प्रथम पाहावे.