काटा, खडी आणि टायर : घोड खोऱ्यातील पंक्चरचा इतिहास

शिरूर तालुक्यातील निमोणे हे घोड नदीच्या खोऱ्यातील गाव. पुणे जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा पट्टा पर्जन्यछायेत येतो. मुरमाड माळ आणि काटेरी झुडुपे ही त्याची जुनी ओळख. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असे, ती काटा चिरडून पुढे जाई. काटा मोडायचा तो माणसाच्या पायात. चाकात हवा भरली गेली तेव्हा काटा चाकाचाही शत्रू झाला.

हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये घेतले होते, पण ते मागे पडले. १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉयड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीसाठी असाच टायर केला आणि तो चालला. सुरुवातीचा टायर रिमला चिकटवलेला असल्याने पंक्चर काढायला तासन् तास लागत. मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये सुटा होणारा टायर आणला, तेव्हा कुठे हे काम रस्त्याकडेला करता येऊ लागले. भारतात आधी सायकलीही परदेशी आणि टायरही परदेशी. डनलॉपचा साहागंज येथील कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर टीआय (१९४९), ॲटलस (१९५१), हीरो (१९५६) अशा देशी सायकली निघाल्या आणि दुधाचे कॅन, शाळेचे दप्तर, बाजाराची पिशवी सायकलवर आली.

या सायकलींची गाठ पडली ती दोन वेगळ्या जातींच्या काट्यांशी. पहिला सराटा. जमिनीवर पसरणारी, पिवळ्या फुलांची ही वेल पावसाळ्यात वाढते आणि पाऊस सरला की वाळते. तिचे फळ पाच तुकड्यांत फुटते. तुकडा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर राहतो. हा काटा टोकदार पण आखूड. दुसरा बाभळीचा, जोडीने येणारा, पांढरट आणि कित्येक सेंटिमीटर लांब. बोराटी आणि हिवर याच वर्गातले. शेताच्या कुंपणाला बाभळी-बोराटीच्या फांद्या लावण्याची रीत असल्याने हे काटे पायवाटेवर आणि गाडीवाटेवर सांडत. त्यात वेड्या बाभळीची भर पडली. मूळची अमेरिका खंडातली ही झाडे १८७७ मध्ये भारतात आली आणि पुढे कोरडवाहू भागात ओढे, गावठाण, पडीक रान व्यापत गेली.

आखूड काट्यावर उपाय थर वाढवण्याचा. जुन्या टायरची कड कापून त्याची पट्टी नव्या टायरच्या आत, ट्यूबच्या वर घालत. चाक जड होई, पण सराटा ट्यूबपर्यंत पोचत नसे. बाभळीच्या काट्यापुढे ही पट्टी अपुरी पडे; तिथे वाट बदलणे, फांद्या पडलेल्या जागी उतरून सायकल हाती धरणे, हाच इलाज. इंग्लंड-फ्रान्समधले जुने सायकलस्वार टायरला हलके घासणारी तार बसवत. रुतलेला काटा पुढच्या फेऱ्यांत खोल जाण्याआधी ती झाडून टाकी.

निम्मा प्रतिबंध पंक्चरच्या दुकानातच होत असे. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, जागा घासून सोल्युशन लावायचे, पॅच दाबायचा, एवढ्याने काम संपत नाही. टायरच्या आतून बोट किंवा फडके फिरवून मोडलेले टोक काढावे लागते. ते राहिले तर नवा पॅच लावूनही दोन दिवसांत चाक पुन्हा बसते. रस्त्यात टायरमध्ये रुतलेला काटा दिसला तरी दुकान गाठेपर्यंत तो उपसू नये, हा संकेतही यातलाच. काटाच भोकाला बूच होऊन हवा हळू सोडतो.

१९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांतून महाराष्ट्रात गावोगाव रस्ते झाले. मुरूम आणि खडीवर काट्यांपेक्षा वेगळे पंक्चर होऊ लागले. हवा कमी असेल तर दगडावर आदळताच ट्यूब रिम आणि टायर यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. इथे जाड थराचा उपयोग नाही. पुरेशी हवा हाच उपाय.

अशा खडबडीत वाटांसाठीच्या, रुंद टायरच्या डोंगरी सायकलीचे मूळ कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, १९७० च्या दशकात. सराटा कॅलिफोर्नियात विसाव्या शतकाच्या आरंभीच पोचला होता आणि तिथल्या इंग्रजीत त्याला ‘पंक्चरची वेल’ असेच नाव पडले. त्याच्या नाशासाठी १९६१ मध्ये बी आणि खोड पोखरणारे सोंडकिडे बाहेरून आणून सोडले गेले. या सायकलींचे रुंद टायर भारतात रेंजरसारख्या सायकलींबरोबर परिचयाचे झाले. पृष्ठभागावरच्या जाड गोट्यांमुळे त्यांच्यात सराटा सहसा खोल जात नाही, पण गोट्यांमधल्या पातळ जागा उघड्याच राहतात. म्हणून जुन्या पट्टीची जागा आता कारखान्यात घातलेल्या थराने घेतली. त्यासाठी वापरला जाणारा केव्हलर हा धागा ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधला.

लांब काट्यावर उत्तर मिळाले ते ट्यूबच काढून टाकण्यात. माव्हिक कंपनीने १९९९ मध्ये डोंगरी सायकलींसाठी ट्यूबलेस चाकाची पद्धत आणली. पुढे टायरमध्ये पातळ लेटेक्स ओतण्याची रीत रूढ झाली. काटा घुसला की हवेबरोबर बाहेर येणारे लेटेक्स भोकातच गोठते. ट्यूब नसल्याने खडीवर तिला चिमटा बसण्याचाही प्रश्न उरत नाही. मात्र उष्ण, कोरड्या हवेत लेटेक्स लवकर सुकते, म्हणून घोड खोऱ्यासारख्या भागात ते काही महिन्यांनी पुन्हा भरावे लागते. कडेची मोठी चीर त्याने बुजत नाही. तिला आतून तुकडाच लावावा लागतो, आणि तो बहुधा जुन्या टायरचाच असतो.