जन्मजात त्वचाभाव : कातडीविना जन्मणारी बाळे

बाळ जन्माला येते, रडते, हातपाय हलवते; पण डोक्याच्या मध्यावर रुपयाएवढ्या जागी कातडीच नसते. तळाशी लालसर, ओलसर भाग किंवा एखादा पातळ, चकचकीत पापुद्रा तेवढा दिसतो. पाहणाऱ्याला ही जखम कापल्याची वा भाजल्याची वाटते. प्रत्यक्षात ती जखमच नसते. गर्भावस्थेत त्या ठिकाणी त्वचा तयारच झालेली नसते, किंवा तयार होऊन नाहीशी झालेली असते. वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘अप्लेझिया क्युटिस कंजेनिटा’ अर्थात जन्मजात त्वचाभाव म्हणतात. १७६७ मध्ये कॉर्डन यांनी हातापायांवरील अशा व्यंगाची नोंद केली, तर १८२६ मध्ये कॅम्पबेल यांनी डोक्यावरील. साधारणतः १० हजार जन्मांमागे एक ते तीन बालकांत हा विकार आढळतो.

वृत्तपत्रांतून मात्र ‘कातडी नसलेले बाळ’ या एकाच मथळ्याखाली अगदी भिन्न आजार येतात. जून २०१६ मध्ये नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात जन्मलेल्या एका मुलीची बातमी देशभर गाजली. अवघे १.८ किलो वजनाचे ते बाळ दोन दिवसांत दगावले. त्या बाळाला ‘हार्लेक्विन इक्थिओसिस’ होता. या विकारात त्वचा नसते असे नाही. उलट तिचा वरचा थर अतोनात जाड होऊन ढालीसारखा तडकतो आणि भेगांतून आतला लाल भाग दिसतो. ‘एबीसीए१२’ या जनुकातील दोष आई आणि वडील अशा दोघांकडूनही आला, तरच हा आजार होतो. त्यामुळे आते-मामे भावंडांच्या विवाहांत त्याची शक्यता वाढते. ‘देशातील पहिले बाळ’ म्हणून ही बातमी फिरली खरी, पण त्याआधीही भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत अशा बालकांच्या नोंदी आहेत. तिसरा प्रकार ‘एपिडर्मोलायसिस बुलोसा’ हा. यात त्वचा असते, मात्र इतकी कच्ची की हात लावताच फोड येतात. अशाच बाळाच्या पायांवर जन्मतः कातडी नसल्यास त्याला ‘बार्ट सिंड्रोम’ म्हणतात. १९६६ मध्ये ब्रूस बार्ट यांनी त्याचे वर्णन केले.

हा भेद घरच्यांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. हार्लेक्विन बाळाची छायाचित्रे पाहून भेदरलेल्या कुटुंबाला आपल्या बाळाच्या टाळूवरचा चट्टा हाही त्याच जातीचा वाटतो. वास्तविक त्वचाभावाची बहुसंख्य बाळे अन्यथा धडधाकट असतात, आणि लहान व्रण काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. तेथे केस मात्र उगवत नाहीत.

सुमारे तीन-चतुर्थांश वा त्याहून अधिक रुग्णांत व्यंग डोक्यावरच असते, तेही बहुधा केसांच्या भोवऱ्याजवळ. गर्भाचा मेंदू झपाट्याने वाढताना तेथील त्वचेवर सर्वाधिक ताण पडतो, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. इतर कारणे अनेक आहेत. जुळ्यांपैकी एक गर्भ पोटातच वाळून जाणे हे एक. थायरॉइडसाठी घेतलेले कार्बिमाझोल हे दुसरे. अशा स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांकडून पर्यायी औषधाविषयी विचारून घ्यावे, गोळ्या परस्पर बंद करू नयेत. काही घराण्यांत विकार आनुवंशिक असतो. बोटांच्या व्यंगासह तो आल्यास त्याला ‘अ‍ॅडम्स-ऑलिव्हर सिंड्रोम’ हे नाव आहे. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ इलोना फ्रिडेन यांनी १९८६ मध्ये या सर्वांचे नऊ गट पाडले. तेच वर्गीकरण आजही वापरात आहे.

गरोदरपणी ग्रहणात विळी हाती घेतली म्हणून बाळाला ‘काप’ पडला, ही समजूत शहरातही पुरती गेलेली नाही. कधी दोष सुईणीवर किंवा चिमटा लावणाऱ्या डॉक्टरवर येतो. व्रणाच्या कडा रेखीव असणे, भोवती दाट काळ्या केसांचे कडे असणे या खुणांवरून तज्ज्ञाला फरक कळतो. म्हणूनच जन्मतःच छायाचित्र व नोंद करून ठेवणे उभयपक्षी हिताचे ठरते.

खरा धोका व्रण मोठा असताना असतो. त्वचा नाही तेथून शरीरातील पाणी आणि ऊब निघून जाते व जंतूंना वाट मिळते. काही बालकांत खालचे कवटीचे हाडही अपूर्ण असते. मग मेंदूची आवरणे आणि मोठी रक्तवाहिनी उघडी पडून रक्तस्राव किंवा मेंदूज्वर ओढवू शकतो. अशा वेळी टाळू भरण्याच्या प्रथेने तेल घालणे, हळद किंवा राख लावणे घातक आहे. निर्जंतुक सलाईनमध्ये भिजवलेल्या, न चिकटणाऱ्या पट्टीने भाग झाकावा, चिकटपट्टी लावू नये, बाळाला उबदार ठेवावे आणि रुग्णालय गाठावे.

हे ‘गाठणे’ सर्वत्र सारखे सोपे नाही. मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या, तुमसर तालुक्यातील बपेऱ्यासारख्या गावातील बाळाला आधी तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय, मग भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय आणि शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर आणखी सुमारे ६० किलोमीटरवरचे नागपूर असा टप्प्याटप्प्याचा प्रवास करावा लागतो. भंडाऱ्याच्या याच रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके दगावली होती. गावोगावच्या आईबापांच्या मनातून ती पहाट सहजी जाणारी नाही. तरीही मोठा व्रण असलेल्या बाळाला अशा कक्षावाचून पर्याय नाही. आजारी नवजाताला नेण्याआणण्याची मोफत सोय २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे, तर २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंगांची तपासणी होते.

रुग्णालयात डोक्याची सोनोग्राफी वा एमआरआय करून हाडाची स्थिती पाहिली जाते. लहान व्रणाला मलम व पट्टी पुरते. मोठ्या व्रणावर त्वचारोपण करावे की वाट पाहावी, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. हाडातील लहान पोकळी बहुधा वयाबरोबर भरते. केसांविना राहिलेला वण पुढे प्लास्टिक सर्जरीने, शेजारची केसाळ त्वचा फुगवून सरकवल्याने झाकता येतो. तोवर ही कातडी कागदासारखी पातळ असते. जावळ काढण्याच्या दिवशी न्हाव्याला ती जागा आधी दाखवून ठेवावी आणि तिथे वस्तरा फिरवू देऊ नये.