प्रचंड वृक्ष : पडद्यावरचे आणि इतिहासांतले

अमेरिकेच्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीनें १९५२ सालीं 'द बिग ट्रीज', म्हणजे 'प्रचंड वृक्ष', या नांवाचा एक बोलपट काढला. घोडे, पिस्तुलें आणि नव्या वसाहती यांच्या ज्या साहसपटांना तिकडे 'वेस्टर्न' म्हणतात, त्यांपैकींच हा एक. मात्र येथें गुराख्यांच्या जागीं लांकूडतोड्ये आहेत. बोलपट काटकसरीचा. मूळ कल्पना पीटर काइन यांच्या १९१८ च्या कादंबरीची. तिच्यावर पूर्वीं तीन चित्रपट निघाले होते; त्यांपैकीं १९३८ च्या रंगीत बोलपटांतील दृश्यें यांत पुन्हां वापरलीं. नायक कर्क डग्लस यांनीं तर कंपनीच्या करारांतून मोकळें होण्यासाठीं वेतन न घेतां काम केलें. कलाकृति म्हणून याचें मोल बेताचेंच; परंतु कथानकांतला इतिहासाचा धागा पाहण्यासारखा आहे.

कथा १९०० सालची. जिम फॅलन नांवाचा एक लांकडाचा व्यापारी उत्तर कॅलिफोर्नियांतील रेडवुडच्या अरण्यांत येतो. तेथें एका धर्मपंथाची भाविक मंडळी वस्ती करून राहिलेली असते व जुन्या वृक्षांना पवित्र मानते. कायद्याच्या आधारें ही भूमि लाटण्याचा फॅलनचा डाव असतो. पुढें तोडलेला एक वृक्ष घरावर कोसळून पंथाचे वृद्ध पुढारी मरण पावतात. आणि अखेर फॅलनचें मन पालटून तो वस्तीच्या बाजूनें उभा राहतो.

कायद्याच्या आधारें लूट ही केवळ कविकल्पना नव्हे. १८७८ च्या 'टिंबर अँड स्टोन' कायद्यान्वयें, शेतीस निरुपयोगी पण लांकडास उपयोगी अशी सरकारी जमीन, माणशीं १६० एकरांपर्यंत, एकरीं अडीच डॉलर या किमान दरानें मिळे. ती स्वतःसाठींच घेत आहों, अशी शपथ घ्यावी लागे. लहान माणसाची सोय व्हावी, हा हेतु. पण दलालांनीं युरेका बंदरांतले खलाशी गोळा करावे, त्यांना शपथ घ्यावयास लावावी, आणि हातावर थोडे डॉलर ठेवून जमीन कंपनीच्या नांवें करून घ्यावी, असा क्रम सुरू झाला. कुंपणानेंच शेत खाल्लें! त्यांतच १८८१ च्या सुमारास युरेका येथील जॉन डॉल्बियर यांनीं ओंडके ओढणारें वाफेचें यंत्र काढलें, आणि बैलांकडून होणारें काम झपाट्यानें होऊं लागलें.

पडद्यावर एका माणसाचें मन पालटतें आणि अरण्य वांचतें. प्रत्यक्षांत तसें झालें नाहीं. १९१८ सालीं 'सेव्ह द रेडवुड्स लीग' ही संस्था निघाली. १९१९ मध्यें हंबोल्ट जिल्ह्यांतील स्त्रियांनीं आपली निराळी संस्था उभारली. वर्गणी जमवून एकेक राई मालकांकडून विकत घ्यावी व ती सार्वजनिक उपवनांत सामील करावी, असें काम चाललें. १९३१ सालीं बुल क्रीक येथील सुमारें १०,००० एकर अरण्य पॅसिफिक लंबर कंपनीकडून घेतलें गेलें. त्यासाठीं धाकटे जॉन रॉकफेलर यांनींच २० लाख डॉलर दिले. एवढ्याच देणगीचा हिशेब केला तरी एकरीं २०० डॉलर पडतात. अडीच डॉलरांच्या भावानें ज्या जातीचें अरण्य वांटलें, तें परत मिळवण्यास ऐंशीपट मोल मोजावें लागलें.

राष्ट्रीय उद्यान झालें तें १९६८ सालीं. तोंपर्यंत बहुतेक जुनें अरण्य तुटलें होतें. आज मूळच्या शेंकडा पांचच्या आसपासच उरलें आहे. रेडवुडचा वृक्ष २,००० वर्षें जगूं शकतो; त्याला पाडावयास कांहीं दिवस पुरतात. म्हणून हा बोलपट पाहणारानें नायकाच्या पश्चात्तापापेक्षां त्या कायद्याच्या कागदाकडे अधिक लक्ष द्यावें. ज्या खरेदीखतांनीं अरण्य गेलें, तशाच खरेदीखतांनीं त्यांतलें थोडेंबहुत राखलें.