हिंगुळाचे गाव

स्पेनमध्ये ला मांचाचे उघडे पठार संपून सिएरा मोरेनाच्या टेकड्या जेथे सुरू होतात, तेथे अल्मादेन हे लहानसे गाव वसले आहे. अरबीत या नावाचा अर्थ केवळ ‘खाण’ असल्यामुळे, भूगर्भातील संपत्तीवाचून त्याला निराळी ओळख कोणी दिलीच नाही असे म्हणावे लागते. येथील खडकात हिंगूळ सापडतो. रोमन काळी तो मोहोरबंद होऊन रोमला रवाना होई. परंतु त्यापासून भट्टीत निघणाऱ्या पाऱ्याला सोन्याचे मोल आले ते १५५५ च्या सुमारास, बार्तोलोमे दे मेदिना याने मेक्सिकोत पाऱ्याच्या योगे हलक्या खनिजातून रुपे काढण्याची रीत बसवली तेव्हा. खेचरांवरून आणि बैलगाड्यांतून सेव्हिलला, तेथून गलबतांनी समुद्रापार गेलेला पारा वेळेवर न पोचला, तर तिकडचे कारखाने खोळंबून राहात. त्या अमेरिकन रुप्याचा काही अंश पुढे सुरतेच्या टांकसाळीत मोगली रुपया होऊन आपल्याही मुलखात खुळखुळला.

खाण राजाची, उत्पन्न सावकाराचे! कालात्राव्हा या लढवय्या धर्मसंघाचे महंतपद राजाकडे आल्यावर त्याच्या जहागिरीतील ही खाणही राजाकडे आली. आणि बादशाही पदाच्या निवडणुकीसाठी पाचव्या चार्ल्सने आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून काढलेल्या कर्जापोटी १५२५ मध्ये तिचा मक्ता त्या पेढीला मिळाला, तो मधले खंड वगळता १६४५ पर्यंत टिकला. मजूर पुरेनात म्हणून मक्तेदारांनी राजाकडून शिक्षेचे कैदी मागून घेतले. १५९३ मध्ये त्यांच्या हालांची गुप्त चौकशी करण्यास आलेला अंमलदार मातेओ आलेमान हाच पुढे कादंबरीकार म्हणून विख्यात झाला. भट्टीच्या वाफांनी माणसे भ्रमिष्ट होत, त्यांचे हातपाय कापत. आपल्याकडे पारा चढला म्हणजे माणूस संतापतो. स्पॅनिश भाषेत पारा भिनलेला माणूस थरथरतो.

१७५५ मध्ये लागलेली आग खाणीत दोन वर्षांहून अधिक काळ धुमसत राहिली. १७७७ मध्ये खाणविद्येची शाळा निघाली, १८३५ मध्ये पाऱ्याच्या विक्रीचा मक्ता रॉथशिल्डांकडे गेला, एकविसाव्या शतकाच्या आरंभी खोदाई थांबली आणि २०१२ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशात स्थान दिले. मला मात्र भुयारांहून तेथील बैलझुंजीच्या षट्कोनी मैदानाचे कुतूहल अधिक वाटते: अठराव्या शतकात त्याच्या भोवतालच्या इमारतीत खाणकामगारांची बिऱ्हाडे थाटली गेली, आणि झुंजीच्या तिकिटांचा पैसा त्यांच्याच इस्पितळाच्या खर्चाला लावला गेला.