फडाचें पाणी

अर्थशास्त्राच्या ग्रंथांत टंचाईची व्याख्या आरंभींच सांपडते. टंचाई आली असतां ती कोणीं किती सोसावी, या प्रश्नाकडे मात्र बहुतेक ग्रंथकार पाठ फिरवितात. खानदेश-बागलाणांतील पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या कांठच्या शेतकऱ्यांनीं हा प्रश्न आपल्यापुरता फार पूर्वींच सोडविला होता. १८१८ मध्यें खानदेश इंग्रजी अमलाखालीं आला, तेव्हां या नद्यांवरील दगडी बंधारे जुनेच होते. त्यांच्या बांधणीची स्तुति पुष्कळांनीं केली आहे. आमच्या मतें ती स्तुति बंधाऱ्याखालीं चालणाऱ्या पाण्याच्या वांटणीस अधिक शोभेल.

पाटाखालीं भिजणारें सारें रान बहुधा तीन किंवा चार भागांत विभागलेलें असे. अशा प्रत्येक भागास फड म्हणत. एका फडांत एका वेळीं एकच पीक. एकांत ऊस असेल तर दुसऱ्यांत गहूं. आणि दरवर्षीं पिकांची पाळी एका फडावरून दुसऱ्यावर सरके. त्यामुळें पाणी सर्वांस एकदम लागे व एकदम तुटे. उसाचा पाझर शेजाऱ्याच्या गव्हांत शिरत नसे. राखणही सोपी जाई. आपल्या शेतांत आपल्या मर्जीचें पीक घेण्याची मुभा मात्र मालकास नव्हती. व्यक्तिस्वातंत्र्याच्या अभिमान्यांस हा जाच वाटेल, आणि तो जाच होताही.

पण त्या जाचाच्या बदल्यांत काय मिळे, तें पाहूं. नदीचा ओघ पाहून पंच ठरवीत कीं, यंदा किती फड भिजतील. पाऊस हात राखून पडला, तर एखादा फड कोरडा ठेवावयाचा. आतां एरवीं अशा निर्णयावरून डोकीं फुटावयाचीं! तीं फुटत नसत याचें कारण असें कीं, खातेदारांची जमीन सामान्यतः निरनिराळ्या फडांत वांटलेली असे. कोरड्या फडांत जसें गरिबाचें वावर, तसेंच पाटलाचेंही. कोणाचें सर्वस्व बुडालें नाहीं, आणि कोणी सुका सुटलाही नाहीं. ज्या तुकडेबंदीच्या अभावाबद्दल आमचे सुधारक शेतकऱ्यास बोल लावीत आले, त्या तुकड्यांचा हा एक उपयोग त्यांच्या नजरेंतून निसटला असावा. पाणी फिरविणारा पाटकरी, पिकें राखणारे जागले, त्यांवर देखरेख ठेवणारा हवालदार, या सर्वांस मोबदला पिकाच्या रूपानेंच मिळे. म्हणजे पीक बुडालें तर तेही बुडाले. गाळ काढणें, बंधारा फुटल्यास तो सांधणें, हें काम ज्याच्या त्याच्या भिजणाऱ्या जमिनीच्या मानानें.

तरुण इंजिनियर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्यें मुंबई सरकारच्या नोकरींत शिरले, आणि त्यांच्या पहिल्या कामांपैकीं एक पांझरेच्या पाण्यावरचें, खानदेशांतील होतें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं नीरा कालव्यावर त्यांनीं ‘ब्लॉक’ पद्धति आणली: ठरीव क्षेत्राच्या एक तृतीयांशांत ऊस, बाकींत हलकीं पिकें, आणि त्यांची फेरपालट. फडाशीं तिचें साम्य उघड आहे. एकीपासून दुसरी निघाली असें म्हणण्याचा मोह आम्ही आवरतों. परंतु हेतु एकच होता. मोकाट उसानें जमिनी पाणथळ व खारट होऊं लागल्या होत्या, आणि थोड्यांच्या उसापायीं अनेक गांवें कोरडीं राहत होतीं. विश्वेश्वरय्यांच्या योजनेस प्रारंभीं शेतकऱ्यांचा विरोधच झाला. ऊस आपखुषीनें कोण सोडतो?

पुढील हकीगत थोडक्यांत सांगतां येते. १९३२ मध्यें देशी साखरेस जकातीचें संरक्षण मिळालें, कालव्यांच्या पट्ट्यांत कारखाने उठले, आणि १९५० नंतर सहकारी कारखान्यांची भर पडली. त्यांनीं शाळा, दवाखाने, रस्ते आणले, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण नदींत पाणी किती, हा प्रश्न विचारण्याऐवजीं कारखान्यास ऊस किती लागतो, हा विचारला जाऊं लागला. इकडे खानदेशांत विहिरींवर पंप बसले, नद्यांच्या वरच्या अंगास धरणें झालीं. ज्यास स्वतःचें पाणी मिळालें, त्यास पंचांची गरज उरली नाहीं. बरेच फड मोडले.

फडांचें गुणगान करतांना एक दोष झांकूं नये. त्यांत वांटा खातेदारासच होता. ज्यास जमीन नाहीं, त्यास पाणी नाहीं; जागल्या राखण करी, पण पाटाच्या पाण्यावर त्याचा हक्क नसे. या दोषास हात घातला तो खानदेशापासून दूर, पुरंदर तालुक्यांत. १९७२ च्या दुष्काळांत तेथील हाल पाहून पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे हेलावले, आणि नायगांव येथें थोडी जमीन घेऊन त्यांनीं पाणी अडविण्याचे प्रयोग मांडले. त्यांतून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीचे नियम कडक होते. पाणी जमिनीच्या मानानें द्यावयाचें नाहीं, माणशीं द्यावयाचें: दर माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं. ऊस वर्ज्य. खर्चाचा कांहीं भाग शेतकऱ्यानें सोसावयाचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. आणि ज्याच्या नांवावर एक गुंठाही नव्हता, त्या मजुराचाही वांटा या पाण्यांत धरलेला असे. तो वांटा घेऊन तो दुसऱ्याच्या रानांत अर्धेलीनें पीक काढूं शके.